दुर्बिणीनंच होईल ना, डॉक्टर?



सोनोग्राफीचा रिपोर्ट टेबलावर ठेवून समोरचा माणूस जो पहिला प्रश्न विचारतो, तो बहुतेक वेळा आजाराबद्दल नसतो. गेल्या आठवड्यात उमरेडहून एक किराणा दुकानदार आले होते. पित्ताशयात खडे, तीन महिन्यांत दोनदा पोटदुखीचा झटका. बसले आणि म्हणाले, "साहेब, दुर्बिणीनंच होऊन जाईल ना जी? पोट तर नाही ना फाडावं लागणार?" सोबत त्यांची आई होती. ती दचकून म्हणाली, "दुर्बिणीचं? ते तर बायांचं असते ना बावा!"

आजीबाईंचं काहीच चुकलं नव्हतं. आपल्याकडच्या खेड्यापाड्यांत पित्ताशयाच्या कितीतरी आधी दुर्बीण पोहोचली ती कुटुंबनियोजनाच्या शिबिरांतून. एका पिढीसाठी "दुर्बिणीचं ऑपरेशन" म्हणजे नसबंदीच. आज त्याच दुर्बिणीने पित्ताशय, अपेंडिक्स, हर्निया, गर्भाशय, मूत्रपिंड, आतड्याचा कर्करोग, असं पुष्कळ काही होतं. तेव्हा दुकानदारांच्या प्रश्नाचं छोटं उत्तर "हो, बहुतेक दुर्बिणीनेच होईल" असं आहे. मी तेच दिलं. पण त्या "बहुतेक" या शब्दामागे बरंच काही आहे, आणि ते पेशंटला कोणी सहसा सांगत नाही. आज तेच सांगायचं आहे. त्यासाठी मला माझी एक जुनी चूकही सांगावी लागेल.

आधी दुर्बिणीची शस्त्रक्रिया म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. पूर्ण भूल देतात. बेंबीजवळ साधारण एक सेंटिमीटरचं छिद्र करून पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. तंबू उभा राहावा तसं पोट फुगतं आणि आत काम करायला जागा होते. हाच वायू का? तो पेट घेत नाही आणि रक्तात चटकन विरघळून श्वासावाटे बाहेर पडतो. त्या छिद्रातून कॅमेरा लावलेली दुर्बीण आत जाते. आणखी दोन-तीन छोट्या छिद्रांतून लांब दांड्याचे चिमटे, कात्री आणि रक्त थांबवणारी विजेची कॉटरी आत जाते. सर्जन पडद्याकडे बघून काम करतो. शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवस खांदा दुखतो, तेव्हा पेशंट घाबरतात की पोटाचं ऑपरेशन आणि खांदा का दुखतो. आत उरलेल्या वायूमुळे छाती आणि पोट यांच्यामधला पडदा चाळवला जातो, आणि त्याची वेदना खांद्यात जाणवते. दोन-तीन दिवसांत ती आपोआप जाते.

वेदना कमी, टाके छोटे, दुसऱ्या दिवशी घरी. हे फायदे खरे आहेत आणि ते तुम्हाला ठाऊक आहेत. यात डॉक्टरचं काय बदललं, ते मात्र ठाऊक नसतं.

मी 1990 च्या आसपास नागपुरात एम.एस. करत होतो. तेव्हाचं शिक्षण म्हणजे हाताचं शिक्षण. पहिलं वर्ष मी रिट्रॅक्टर धरण्यात काढलं. रिट्रॅक्टर म्हणजे जखमेच्या कडा ओढून धरायचं लोखंडी हत्यार. तासन्‌तास ते ओढून धरायचं, आणि दिसायचं काय, तर सरांचं कोपर. आत काय चाललंय ते फक्त सरांना आणि त्यांच्या पहिल्या मदतनीसाला दिसे. पण कधीतरी सर म्हणत, "हात घाल. बोट इथे ठेव. लागतंय का?" यकृताच्या खाली अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत पित्तनलिका धरली की तिच्या आत अडकलेला खडा बोटाला कळायचा. शेजारच्या धमनीचा ठोका कळायचा. सूज किती, मांस कुठे पिठासारखं मऊ झालंय, कुठे चामड्यासारखं घट्ट, सगळं बोटाला कळायचं. पुस्तकात न लिहिलेली निम्मी शस्त्रक्रिया आम्ही बोटाने शिकलो. "एक बघ, एक कर, एक शिकव" ही म्हण जगभरच्या सर्जनांमध्ये चालते, आमच्याकडेही चालायची.

त्याच वर्षांत जग उलटंपालटं होत होतं. जर्मनीत कुर्ट सेम या स्त्रीरोगतज्ज्ञाने 1980 मध्ये दुर्बिणीने अपेंडिक्स काढलं होतं, तर तिथलेच सर्जन त्याच्यावर तुटून पडले. 1985 मध्ये एरिश म्यूहे या सर्जनने दुर्बिणीने पहिलं पित्ताशय काढलं. पुढच्या वर्षी त्याने जर्मन सर्जनांच्या परिषदेत ते सांगितलं, तेव्हा त्याची टिंगल झाली. मग 1987 मध्ये फ्रान्समधल्या लियों शहरात फिलिप मूरे यांनी पित्ताशय काढलं, आणि दोन-तीन वर्षांत वणव्यासारखी ही पद्धत पसरली. आपल्या देशात हा मान डॉ. तेहेमटन उडवाडिया यांचा. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 1972 पासून ते दुर्बिणीने पोटाचं निदान करत होते. तेव्हा सहकारी त्यांना वेड्यातच काढत असणार. 1990 मध्ये त्यांनी दुर्बिणीने पित्ताशय काढलं, तेही सरकारी रुग्णालयात. पुढे त्यांना पद्मभूषण मिळालं. 2023 मध्ये ते गेले.

आता एक क्षण विचार करा. पन्नाशीचा, हजारो ऑपरेशनं केलेला, शहरभर नाव असलेला सर्जन. त्याला अचानक पुन्हा विद्यार्थी व्हावं लागलं. पडदा सपाट असतो, त्यामुळे खोली कळत नाही. चिमट्याचा दांडा छिद्राशी टेकलेला असतो, म्हणून हात डावीकडे नेला की आतलं टोक उजवीकडे जातं. सर्वांत वाईट म्हणजे बोट गेलं. हातभर लांब दांड्याच्या टोकाला मऊ काय, कडक काय, फारसं काही कळत नाही. एवढं सगळं नव्याने शिकायचं, आणि ते शिकवणारी व्यवस्था काय होती? शनिवार-रविवारचा वर्कशॉप. दोन दिवस व्याख्यानं, थोडा सराव, शेवटी प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो. सोमवारी दवाखान्याच्या दाराशी पाटी: "येथे दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया केल्या जातील." पेशंट ती पाटी बघून येत. ज्याच्याकडे पाटी नाही, त्याच्याकडचे निघून जात. तेव्हाची ही ओढाताण आजच्या तरुण डॉक्टरांना कळणार नाही. थांबलो तर मागे पडू, ही भीती आम्हा सगळ्यांनाच होती.

मलाही होती.

1997 ची गोष्ट. एका छोट्या खासगी रुग्णालयात मी ऑपरेशन करत असे. दुर्बिणीने काढलेलं ते माझं अकरावं पित्ताशय होतं. पेशंट अडतीस वर्षांच्या शिक्षिका. पित्ताशय सुजलेलं, आजूबाजूला चिकटलेलं. मी त्याला वर आणि बाहेरच्या बाजूला ओढून धरलं. एक नळी ताणून सरळ समोर आली. अगदी स्पष्ट दिसत होती. मी क्लिपा लावल्या, नळी कापली. मग थोडं पुढे गेल्यावर आणखी एक नळी दिसली, जी तिथे असायला नको होती. तरी मी स्वतःची समजूत घातली की काहींची रचना वेगळी असते. पित्ताशय बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी पोटात ठेवलेल्या नळीतून हिरवं पित्त वाहत होतं.

मी कापली होती ती पित्ताशयाची छोटी नळी नव्हती. यकृतातून आतड्याकडे जाणारी मुख्य पित्तनलिका होती. चुकीच्या दिशेने ओढल्यामुळे ती ताणून वर आली आणि मला पित्ताशयाची नळी वाटली. त्या बाईंना अनुभवी सर्जनकडे पाठवावं लागलं. मोठी चीर देऊन त्यांच्या आतड्याचं एक वेटोळं वर नेऊन यकृताच्या नळीला जोडलं गेलं. त्या वाचल्या. पण पुढची कितीतरी वर्षं मधूनमधून त्यांना थंडी-ताप आणि कावीळ होत राहिली. दीड महिन्याने त्या मला भेटायला आल्या. ओरडल्या नाहीत. शाळेत विचारतात तसं शांतपणे विचारलं, "डॉक्टर, माझ्याआधी तुम्ही हे किती वेळा केलं होतं?"

"दहा," मी म्हणालो.

"मला विचारायला सुचलं नाही," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही सांगितलं नाही."

यात मी एकटा नव्हतो, हे मला पुढे वाचून कळलं. त्याने माझं काही हलकं झालं नाही. उघड्या शस्त्रक्रियेत मुख्य पित्तनलिकेला इजा होण्याचं प्रमाण हजारात एक-दोन होतं. दुर्बीण आल्यावर सुरुवातीच्या काळात ते हजारात चार-पाचवर गेलं. 2003 मध्ये अमेरिकेतल्या काही सर्जनांनी अशा 252 इजांचा एकेक तपशील तपासला. त्यांना आढळलं की 97 टक्के इजांचं मूळ हाताच्या कौशल्यात नव्हतं, ज्ञानात नव्हतं, ते डोळ्याला झालेल्या भासात होतं. सर्जनला जे दिसलं ते त्याने अगदी सफाईने कापलं. फक्त ते तो समजत होता ते नव्हतं. दोरीला साप समजण्याचं उदाहरण आपण लहानपणापासून ऐकतो. इथे सापाला दोरी समजून हात घातला जातो. आणि एकदा डोळ्याने ठरवलं की ही दोरीच आहे, की नंतर दिसणाऱ्या प्रत्येक विसंगतीला मन कारण शोधून देतं. मी त्या दुसऱ्या नळीला दिलं तसंच.

म्हणजे दुर्बिणीने सर्जनचं बोट काढून घेतलं आणि त्या बदल्यात डोळा दिला. त्या डोळ्याला कसं शिकवायचं, हे मात्र आधी कोणी ठरवलंच नव्हतं. माझ्या मते गेल्या तीस वर्षांतला वैद्यकीय शिक्षणातला खरा बदल इथे आहे, यंत्रांत नाही.

पहिला बदल एका नियमाने झाला. 1995 मध्ये स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी एक साधी शिस्त मांडली. पित्ताशय आणि यकृत यांच्यामधल्या त्रिकोणातली चरबी व तंतू पूर्ण साफ करायचे. पित्ताशयाचा खालचा साधारण तिसरा हिस्सा यकृतापासून सोडवायचा. मग पित्ताशयात शिरणाऱ्या दोन आणि दोनच गोष्टी दिसल्या पाहिजेत, एक नळी आणि एक धमनी. तोपर्यंत काहीही कापायचं नाही. हे सगळं म्हणजे स्वतःच्या डोळ्यावर विश्वास ठेवू नकोस, त्याच्याकडून पुरावा माग, असं सर्जनला सांगणं आहे. मी 1997 मध्ये ही शिस्त पाळली असती, तर त्या बाई मला दुसऱ्यांदा भेटल्याच नसत्या. आज माझ्या ओटीत कापण्याआधी हात थांबतात. पडद्यावरचं चित्र सगळ्यांनी बघायचं आणि मदतनीस डॉक्टरने मोठ्याने "दोन" म्हणायचं. सिस्टरसुद्धा आता ते ओळखते. एकदा तिनेच विचारलं होतं, "सर, मागून यकृत दिसून राहिलं का?" दिसत नव्हतं. आणखी वीस मिनिटं लागली.

दुसरा बदल जागेचा. पहिली शंभर चुकलेली हालचाल पेशंटच्या पोटात का व्हावी? ती डब्यात व्हावी. वरून छिद्रं असलेला एक डबा, आत मोबाइलचा किंवा साधा कॅमेरा, बाहेर पडदा. एका खुंटीवरचं प्लास्टिकचं कडं उचलून दुसऱ्या चिमट्यात द्यायचं आणि दुसऱ्या खुंटीवर ठेवायचं, गोल आखलेला कापडाचा तुकडा रेषेवरून कापायचा, आत गाठ मारायची. अमेरिकेत 2009 पासून अशी ठरावीक परीक्षा पास झाल्याशिवाय सर्जनला बोर्डाच्या परीक्षेला बसता येत नाही. आपल्याकडेही वैद्यकीय महाविद्यालयांत कौशल्य प्रयोगशाळा आल्या आहेत. काही ठिकाणी त्या गजबजलेल्या असतात, काही ठिकाणी कुलूप असतं आणि किल्ली कोणाकडे हे कोणाला माहीत नसतं. मी जिथे शिकवायला जातो तिथे आमचा लाडका प्रयोग नागपुरीच आहे. संत्र्याची एक फोड डब्यात ठेवायची आणि दोन चिमट्यांनी तिच्यावरची पातळ साल अशी सोलायची की आतला रसाचा एकही दाणा फुटता कामा नये. पहिल्या दिवशी सगळ्यांचा रस होतो. महिन्याभराने फोड सोलून निघते. सोललेल्या फोडी खायची परवानगी मात्र नाही, कारण ते चिमटे कुठून आलेत ते मला माहीत आहे.

अशा सरावाचा फायदा खरंच होतो का? 2002 मध्ये येल विद्यापीठात सोळा निवासी डॉक्टरांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना आधी संगणकावरच्या आभासी यंत्रावर सराव दिला, निम्म्यांना नाही. सराव केलेल्यांनी पित्ताशय सोडवण्याचं काम 29 टक्के कमी वेळात केलं. सराव न केलेल्यांच्या हातून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीकडे चटका बसण्याची शक्यता पाचपट होती. दुसऱ्या एका अभ्यासात आठवड्यातून तीन तासांहून अधिक व्हिडिओ गेम खेळलेल्या सर्जनांच्या चुका 37 टक्के कमी निघाल्या होत्या. हे मी माझ्या घरी सांगितलेलं नाही. मुलगा बारावीत आहे.

तिसरा बदल मला सर्वांत मोठा वाटतो. आता सगळ्यांना दिसतं. मी वर्षभर सरांचं कोपर पाहिलं. आजची पहिल्या वर्षाची मुलगी कॅमेरा धरते, आणि सर्जनला जे दिसतं तेच तिला, भूलतज्ज्ञाला आणि दाराशी उभ्या विद्यार्थ्याला दिसतं. चित्र तिरकं झालं की तिला ओरडा बसतो, भिंगावर वाफ धरली की थर्मासातल्या गरम सलाइनमध्ये ते बुडवून पुसावं लागतं. पण कॅमेरा धरता धरता ती शस्त्रक्रिया शिकत असते. शिवाय सगळं रेकॉर्ड होतं. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या वीस सर्जनांनी आपापला एकेक व्हिडिओ दिला, आणि नाव न सांगता इतर सर्जनांनी त्यांना गुण दिले. ज्यांना सर्वांत कमी गुण मिळाले, त्यांच्या पेशंटांमध्ये गुंतागुंतीचं प्रमाण 14.5 टक्के होतं. सर्वांत जास्त गुणवाल्यांकडे 5.2 टक्के. हा अभ्यास 2013 चा. सर्जनचा हात चांगला की वाईट हे पूर्वी ओटीतली सिस्टर आणि भूलतज्ज्ञच जाणत, आणि ते बोलत नसत. आता ते पडद्यावर आहे. आपले व्हिडिओ दुसऱ्याला दाखवायला आम्ही डॉक्टर लोक अजूनही कचरतो, हेही सांगून टाकतो.

इथपर्यंत सगळं चांगलं आहे. आता काय गमावलं ते सांगतो.

गेल्या पावसाळ्यात रात्री साडेअकराला फोन आला. तिसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर, हुशार, डब्यातल्या सरावात सगळ्यांत पुढे. वरिष्ठांसोबत सुजलेलं पित्ताशय काढताना रक्तस्राव सुरू झाला होता. पडदा लाल, काही दिसेना. "पोट उघडा" हा निर्णय बरोबर झाला आणि वेळेत झाला. मी पोहोचलो तेव्हा पोट उघडलेलं होतं. रक्तस्राव वरिष्ठांनी दाबून थांबवला होता. मी हात धुऊन उभा राहिलो आणि तिला म्हणालो, "आता तू कर. बोट मागे घाल आणि धमनी चिमटीत पकड." ती माझ्याकडे बघत राहिली. नंतर चहा पिताना म्हणाली, "सर, मी पित्ताशयाचं उघडं ऑपरेशन आज आयुष्यात दुसऱ्यांदा पाहिलं. केलं तर एकदाही नव्हतं."

तिची चूक कुठे आहे? पेशंटला चीर नको, म्हणून सोपी पित्ताशयं सगळी दुर्बिणीने होतात. ते बरोबरच आहे. उघडं ऑपरेशन आता फक्त सर्वांत अवघड पेशंटवर होतं, तेही अचानक, रात्री-अपरात्री, घामाघूम अवस्थेत. म्हणजे जे काम आम्ही सोप्या पेशंटवर शिकलो, ते काम ही मुलं फक्त संकटात बघणार. आमची पिढी निवृत्त झाल्यावर त्या रात्री फोन कोणाला जाईल? या प्रश्नाचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. एक उपाय मी करतो. ज्या पेशंटचं पोट दुसऱ्या कारणासाठी उघडावंच लागतं, तिथे मुलांना बोलावतो आणि त्यांचा हात धरून आतलं सगळं बोटाने दाखवतो. शवविच्छेदनगृहातही हे शिकवता येईल. आणखी एक गोष्ट मी त्यांच्या मनावर ठसवतो. फार अवघड असेल तर पूर्ण पित्ताशय काढलंच पाहिजे असं नाही. धोक्याचा भाग तसाच ठेवून उरलेलं काढता येतं. उघडणं किंवा अर्धवट थांबणं म्हणजे हरणं नव्हे. पण हे वाक्य तोंडी म्हणणं सोपं. पडद्यासमोर दीड तास झालेला असताना, नातेवाईकांना "दुर्बिणीनंच करतो" असं सांगून आलेलं असताना, ते पाळणं फार जड जातं. मला ते अकराव्या पेशंटच्या वेळी जमलं नव्हतं.

हे सगळं विदर्भात जास्त महत्त्वाचं का, तेही सांगतो. आपल्याकडे सिकलसेल आहे. या आजारात लाल पेशी लवकर फुटतात, त्यातून निघणारं बिलिरुबिन पित्तात साठतं आणि लहान वयातच काळे खडे होतात. गडचिरोली जिल्ह्यातली सोळा वर्षांची एक मुलगी माझ्याकडे आली होती. पोट दुखलं की घरचे समजत सिकलचा झटका आला. प्रत्यक्षात अर्ध्या वेळी ते पित्ताशय होतं. अशा मुलीला बरगड्यांखाली हातभर चीर दिली तर ती वेदनेने खोल श्वास घेत नाही. फुफ्फुसाचा तळ नीट उघडत नाही, प्राणवायू कमी पडतो, पेशी आणखी वाकड्या होतात, आणि छातीतला तो गंभीर झटका येतो ज्याला आम्ही डॉक्टर फार घाबरतो. तिच्यासाठी दुर्बीण ही चैन नाही. त्यासोबत आधी सलाइन, गरज असेल तर रक्त, ओटीत अंग गरम ठेवणं आणि पुरेसा ऑक्सिजन, ही तयारी लागते. आणि तिच्यापर्यंत पोहोचणारा असा सर्जन लागतो ज्याला डोळाही आहे आणि बोटही. गडचिरोलीहून नागपूर सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. आता एम.एस., एम.डी. करणाऱ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणं सक्तीचं आहे. मुलं कुरकुरतात. मला मात्र वाटतं की ज्या ठिकाणी गॅसचा सिलिंडर संपला की लगेच दुसरा येत नाही, तिथे राहिल्यावरच कळतं की आपल्याला नक्की काय येतं. लोडशेडिंगच्या काळात एकदा माझा पडदा मधेच काळा झाला होता. इन्व्हर्टर चालू व्हायला अर्धं मिनिट लागलं असेल. उघड्या पोटात अशा वेळी बोट ठेवून उभं राहता येतं. इथे दोन्ही हातांत चिमटे, आणि त्यांची टोकं कुठे आहेत हे दिसत नाही. मी श्वास रोखून नुसता उभा होतो.

रोबो आला आहे, त्याबद्दल पुन्हा कधीतरी. 2001 मध्ये न्यूयॉर्कमध्ये बसून सर्जनांनी फ्रान्समधल्या पेशंटचं पित्ताशय काढलं, तेव्हापासून "आता सर्जन घरी बसणार" असं ऐकतो आहे. अजून कोणी बसलेला नाही.

आजीबाईंनी काढलेल्या नसबंदीच्या विषयाकडे मात्र थोडं परत जायला हवं. छिद्र छोटं म्हणजे ऑपरेशन छोटं, हा समज त्या शिबिरांतूनच रुजला. नोव्हेंबर 2014 मध्ये छत्तीसगडमध्ये, आपल्याकडून हावड्याच्या गाडीत बसलं की लागणाऱ्या बिलासपूरजवळ, एका सर्जनने काही तासांत 83 स्त्रियांच्या दुर्बिणीने नसबंद्या केल्या. त्या दिवसांत तिथे 13 स्त्रियांचा जीव गेला. औषधांवरही संशय घेतला गेला. पण 83 हा आकडाच पुरेसा आहे. एकेका पेशंटला मिळालेली मिनिटं मोजून पाहा. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं.

तर वाचकहो, उद्या तुमच्या घरी कोणाला दुर्बिणीची शस्त्रक्रिया सांगितली, तर खर्च आणि टाके विचारून झाल्यावर आणखी थोडं विचारा. हे ऑपरेशन तुम्ही स्वतः किती केलेत? मधेच उघडावं लागलं तर ते कोण करेल, आणि त्या वेळी तुम्ही इथेच असाल का? तुम्ही काढाल ती रेकॉर्डिंग आम्हाला मिळेल का? कोणी निवासी डॉक्टर करणार असेल, तर शेजारी कोण उभं राहणार? यात उद्धटपणा नाही. शिकाऊ डॉक्टरच्या हातून ऑपरेशन होणं हेही मुळीच वाईट नाही. शेजारी जाणता माणूस उभा असेल आणि तुम्हाला ते आधी सांगितलेलं असेल, एवढंच बघायचं. प्रश्न ऐकून डॉक्टर चिडला, तर तेही एक उत्तर आहे. आणि संमतिपत्रावर "गरज भासल्यास पोट उघडून शस्त्रक्रिया करावी लागेल" असं छापलेलं असतं. त्यावर सही करताना ते वाक्य घाबरवण्यासाठी आहे असं समजू नका. ते वाक्य वापरायला न कचरणारा सर्जन तुम्हाला हवा आहे.

उमरेडच्या दुकानदारांना मी हे सगळं सांगितलं. म्हणजे दुर्बिणीने करू, पण अडलं तर उघडेन, आणि तेव्हा मला दोष देऊ नका, असं. त्यांनी संमतिपत्र दोनदा वाचलं. मग मागे उभ्या असलेल्या आमच्या निवासी डॉक्टरकडे मान वळवून म्हणाले, "आणि या ताई? यांनी किती केले?"

"बावीस," ती म्हणाली. "सर सोबत असताना."

"मंग ठीक हाय," असं म्हणून त्यांनी पेन मागितलं. ऑपरेशन मंगळवारी आहे.